खालचा कप्पा

उबवलेल्या अंड्याला पहिली भेग पडते ती रुंद टोकाजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढी. ती आतून चोचीनं पाडलेली असते, म्हणून तिच्या कडा किंचित बाहेर उचललेल्या असतात. उबवणी यंत्राच्या वरच्या कप्प्यातल्या जवळजवळ सगळ्या अंड्यांना अशी भेग पडून गेली होती. कवचं फुटली होती आणि ओली पिल्लं एकमेकांना टेकून वाळत होती. खालच्या कप्प्यातली अंडी मात्र गोजाबाईनं मांडली होती तशीच होती. सोनमनं एकेक अंडं हातात घेतलं, दाराच्या उजेडाकडे धरून सावकाश फिरवलं आणि परत ठेवलं. एकावरही भेग नव्हती.

"कालपासनं वाट बघायलेय," गोजाबाई म्हणाली. "वरची काल पहाटेच बोलाय लागली. ही आपली गप."

"एक फोडून बघू का, आई?"

"फोड की. आता काय ऱ्हायलंय."

सोनमनं चमच्याच्या दांड्यानं रुंद टोकावर टिचकी मारली आणि नखानं कवच सोललं. आत पिल्लू होतं. पंख, नखं, चोचीवरचा पांढरा ठिपका, सगळं जागच्या जागी. डोळे मिटलेले. पोटाशी बलक अजून तसाच लोंबत होता. ते थंड होतं. तिनं दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. तिसऱ्यातलं पिल्लू आणखी लहान होतं, मधेच कुणीतरी थांब म्हटल्यासारखं. चौथं फोडायला तिचा हात पुढे झाला आणि तिथंच राहिला.

तिनं वर पाहिलं. यंत्राच्या दारावर लाल आकडे होते. वर ३७.६. खाली ३७.४.

हे यंत्र तिनंच केलं होतं. सोलापूरला अक्कलकोट रोडवर संगमेश हिरोळे यांच्या वर्कशॉपमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्सची कार्डं बनवायची. पंपाची, कूलरची, आणि हल्ली अंडी उबवायच्या यंत्रांची. प्लायवूडचं कपाट, दोन कप्पे, वर हीटर, ऊब सगळीकडे पोचवायला वर-खाली एकेक पंखा, आणि प्रत्येक कप्प्यात तापमान मोजणारी करंगळीएवढी स्टीलची नळी. आईच्या गावी, मंद्रूपला, लाईट कधीही जाते, म्हणून तिनं कार्डाला छोटी बॅटरी दिली होती आणि ते कमीत कमी करंट घेईल असं बसवलं होतं. "तुमचं कार्ड काही खातच नाही बघा, मॅडम. उपाशी पोटी काम करतंय," असं हिरोळे सर गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. त्यातलं पहिलं यंत्र तिनं आईला दिलं होतं.

"तीन आठवडे हेच आकडे होते?" तिनं विचारलं.

"हेच की. तू सांगितलंस तसं सकाळ-सांज बघत होते. खाली पस्तिसाच्या आत गेलं तर शिटी वाजंल म्हनलीस. एकदा बी वाजली न्हाय." गोजाबाईनं आपला तळवा बघितला. "हात घातला की गार लागायचं गं खाली. पण मशीन म्हणायचं बरं हाय. मग म्या म्हनलं, माझाच हात गार असंल."

सोनम आईकडे बघत राहिली. या बाईनं आयुष्यभर हातानं ओळखलं होतं, कुठल्या मेंढीला ताप आहे, कुठलं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवण्याजोगं आहे. आणि लेकीच्या यंत्रापुढं तिनं आपला हात खोटा ठरवला होता.

सोनमची बॅग दाराशी होती. त्यात मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, लॅपटॉप, आणि अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तिची डिप्लोमाची प्रमाणपत्रं आणि आधार कार्ड. ती पिशवी दिवाळीपासून बॅगेतच होती. दिवाळीला माहेरी येताना तिनं ती घेतली, कारण परत जायचं नाही असं ठरवलं होतं. मग परत गेली. खंडोबाच्या सटीच्या जत्रेला आली तेव्हाही ठरवलं होतं. आजही, सकाळच्या एसटीत बसताना, ठरवलं होतं. ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि बोलून न दाखवलेलं ठरवणं संध्याकाळच्या गाडीपर्यंत टिकत नाही, एवढं तिला आता कळलं होतं.

सोनम आणि तिची थोरली बहीण रुपाली, दोघींची लग्नं तीन वर्षांपूर्वी एकाच मांडवात, दोन सख्ख्या भावांशी झाली होती. रुपाली सिद्धरामला, सोनम मल्हारला. भावांचं सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात वेल्डिंगचं दुकान, खाली-वर दोन खोल्यांचं घर. "दोघी एका दारात. एकमेकीच्या आधाराला," असं त्यांचे वडील मायाप्पा तेव्हा चारचौघांत अभिमानानं म्हणाले होते. सिद्धराम भला माणूस होता. रुपालीला दोन मुलं झाली, तिच्या अंगावर तेज आलं. मल्हार हात उगारायचा तो दार लावून आणि टीव्हीचा आवाज वाढवून. खाली रुपालीला टीव्ही ऐकू यायचा. तो का वाढला, हेही तिला कळायचं. "सोनी, तू निघून गेलीस तर हे मला बी ठेवणार न्हाईत गं," ती एकदा धुणं वाळत घालताना म्हणाली होती, आणि मग दोघी बराच वेळ नुसते चिमटे लावत राहिल्या होत्या.

गोजाबाई आठवड्यातून एकदा रुपालीच्या फोनवर फोन करायची. रुपाली स्पीकर लावायची. "कशा हाव पोरींनो?" "बऱ्या हाव की, आई," रुपाली म्हणायची, आणि तिचं वाक्य संपता संपता सोनमही म्हणायची, "बरी हाय."

"गोजाव्वा!" अंगणातून हाक आली. शेजारची फुलाबाई होती. तिनं तिच्या कोंबडीची अंडी या यंत्रात बसवायला दिली होती, ओळखायला प्रत्येकावर काजळीची रेघ ओढून. "झाली का बाळंतीण?"

ती आत आली, वरच्या कप्प्यात डोकावली, खाली डोकावली, आणि तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

"रेघवाली समदी खालीच दिसतेत."

"वर जागा न्हवती गं," गोजाबाई म्हणाली. "माझी बी हायत खाली. निम्मी."

"निम्मी." फुलाबाईनं पदर कमरेला खोचला. "तुझी वर, आमची खाली. व्हय व्हय. बरोबर हाय. मशीन तुझं, लेक तुझी." मग सोनमला: "आमची खुडूक कोंबडी बरी होती बाई. तिला शाळा न्हवती, पण खालचं अंडं ती रोज वर घ्यायची."

"काकू, चुकलंय माझं काहीतरी. बघते मी," सोनम म्हणाली.

फुलाबाई आणखी बोलणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष परातीतल्या तीन पिल्लांकडे गेलं. ती खाली बसली, एकाचं पाऊल बोटानं उचलून बघितलं आणि ठेवलं. "नखं बी आली होती की गं," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, आणि उठून गेली.

सोनमनं दोन्ही स्टीलच्या नळ्या यंत्रातून बाहेर काढल्या. वायर तुटली नव्हती, जोड पक्के होते. तिनं चुलीवरचं कढत पाणी एका पेल्यात घेतलं, माठातलं दुसऱ्यात. वरच्या कप्प्याची नळी कढत पाण्यात सोडली, खालच्याची गार पाण्यात, आणि आकड्यांकडे पाहिलं.

वरचा आकडा चढत गेला. त्रेपन्नवर थांबला.

खालचाही चढत गेला.

तिला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. तिनं वायर बोटानं चाचपत शेवटापर्यंत नेली. अदलाबदल नव्हती. माठाच्या पाण्यात बुडालेली नळी पन्नास दाखवत होती. तिनं त्या पेल्यात बोट घातलं. पाणी इतकं गार होतं की तिनं ते झटकन बाहेर काढलं. मग परत घातलं, कारण डोळ्यांना दिसणारं आणि बोटाला लागणारं यातलं काय खरं मानायचं हे क्षणभर तिलाही कळेना.

"काय झालं?" गोजाबाईनं विचारलं.

सोनमनं नळी पेल्यातून काढली. ती उंबऱ्यावर बसली. तिला काय झालं ते समजलं होतं, आणि ते अगदी साधं होतं.

कार्डावरच्या चिपच्या आत मोजायचं साधन एकच असतं. दोन्ही नळ्यांतले सेन्सर त्याला आळीपाळीनं जोडले जातात. जोडला की आतला, विजेचा साठा धरणारा एक अगदी छोटा कपॅसिटर त्या सेन्सरच्या व्होल्टेजइतका भरतो, मग जोडणी तुटते आणि जेवढं भरलं तेवढं मोजलं जातं. भरायला किती वेळ लागेल ते सेन्सरच्या बाजूला रोध किती आहे यावर ठरतं. रोध जास्त, तर भरणं मंद. बॅटरी वाचावी म्हणून सोनमनं दोन्हीकडे खूप मोठ्या रोधाचे सेन्सर घेतले होते. वरच्या कप्प्यावर हीटर चालायचा, म्हणून त्याचं माप ती लागोपाठ अनेकदा घेऊन सरासरी काढायची. तेवढ्या वेळात कपॅसिटर पुरता भरायचा. खालचा आकडा फक्त दाखवण्यापुरता आणि शिटीपुरता होता. त्याचं माप वरच्याच्या पाठोपाठ, एकदाच. तेवढ्यात कपॅसिटरमधलं आधीचं जायचं नाही आणि नवं यायचं नाही. खालच्याच्या नावावर वरच्याचाच आकडा थोडा कमी होऊन दिसायचा.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चिपच्या माहितीपत्रात याची मर्यादा दिलेली असते, ती तिनं वाचलेली होती. पण कार्ड तयार झाल्यावर तिनं ते तपासलं होतं. वर्कशॉपच्या टेबलावर, पारा असलेला थर्मामीटर शेजारी ठेवून, कोमट पाण्यात. दोन्ही नळ्या एकाच पेल्यात. दोन्ही आकडे थर्मामीटरशी जुळले होते. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं होतं, दर वेळी एकाच पेल्यात, आणि दर वेळी ते जुळले होते.

तिनं हिरोळे सरांना फोन लावला.

"सर, उबवणीची पुढची यंत्रं पाठवू नका. खालचा सेन्सर खोटं दाखवतोय."

"खोटं कसं? तुम्ही तपासली होती की मॅडम. माझ्यासमोर."

"एका पेल्यात तपासली होती, सर."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"अय्यो," सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मी पण बघितलं होतं की. मला पण सुचलं नाही. दोन्ही सारखे आले की बरं वाटतं ना." मग आवाज बदलून, "आईची किती गेली?"

"खालचा अख्खा कप्पा."

"तुम्ही घाई करू नका. सगळ्यांना मी फोन करतो."

गोजाबाईनं तोवर चहा केला होता. पेले यंत्रापाशी अडकलेले, म्हणून तिनं तो वाटीत दिला. "मला कळंल असं सांग," ती म्हणाली.

सोनमनं विचार केला. "आई, आपला नळ बारीक चालतो तेव्हा घागर भरायला लई येळ लागतो. समज, घागर एकच हाय. आधी रुंद धारेच्या… न्हाय, थांब." ती पुन्हा विचारात पडली. "घागर एकच. पहिल्या नळाखाली ती निवांत धरली, पुरती भरली. त्यात ऊन पाणी. मग दुसऱ्या नळाखाली धरली, त्याला गार पाणी, बारीक धार. आधीचं ऊन पाणी वतून नवं भरायच्या आधीच मी ती उचलली आणि म्हनलं, बघा, ह्या नळाला बी ऊनच पाणी येतंय."

गोजाबाईनं वाटी खाली ठेवली. "म्हंजे खालचीला विचारलंच न्हाय."

"विचारलं. पण ती सांगायच्या आत पुढं गेले. जे ऐकलं ते वरचीचंच."

"अन् ती गार पडत गेली."

"व्हय."

"आता काय करायचं म्हनतीस?"

"सोपं हाय. पहिलं उत्तर धरायचं न्हाय. सोडून द्यायचं. जरा थांबायचं, परत विचारायचं."

"एवढंच?"

"एवढंच, आई."

लॅपटॉप जोडून तिनं प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या. खालचं पहिलं माप टाकून द्यायचं, आणि दुसरं घेण्याआधी वाट पाहायची. कार्डावर एक छोटा कपॅसिटरही बसवायला हवा होता, तो वर्कशॉपमध्ये बसेल. नळ्या पुसून तिनं पुन्हा आपापल्या कप्प्यात लावल्या, दार बंद केलं, आणि दोघी आकडे स्थिरावायची वाट बघत उभ्या राहिल्या.

वर ३७.६. खाली ३२.९.

आणि शिटी वाजली.

गोजाबाई दचकून मागं सरली. वरच्या कप्प्यातली पिल्लं एकदम गप्प झाली. शिटी कर्कश होती. मेंढपाळाच्या घरात, ओसरीच्या पलीकडंही ऐकू जावी म्हणून सोनमनं मुद्दाम मोठी निवडली होती. ती कितीतरी दिवसांपूर्वीच वाजायला हवी होती.

"बंद कर गं तिला!" गोजाबाई कानावर हात ठेवून म्हणाली. "बंद कर!"

सोनमचा हात बटणापर्यंत गेला, पण तिनं ते लगेच दाबलं नाही.

शिटी बंद झाल्यावर घर फार मोठं वाटलं. खालच्या पंख्याची पाती पिसांच्या आणि भुशाच्या लोळ्यात अडकून थांबलेली तिला सापडली. किती दिवसांपूर्वी, ते सांगता येत नव्हतं. तिनं लोळा काढला आणि पात्याला बोट लावलं. ते फिरायला लागलं.

उन्हं उतरली तेव्हा रुपालीचा फोन आला, आईच्या फोनवर. गोजाबाईला स्पीकरच लावता येत होता.

"आई, कशी हायस? सोनी हाय का तितं?"

"हाय की. तू कशी हायस गं?"

"बरी हाय की. पोरं बी बरी. सोनी, सांजच्या गाडीनंच ये बरं का. भाऊजी दोनदा विचारून गेले. मी म्हनलं येईल." मागून मुलांचा गलका आला. मग रुपालीचा आवाज फोनच्या अगदी जवळ, दबका झाला. "सोनी, येतीस न्हवं?"

"येते," सोनम म्हणाली. प्रश्न संपायच्या आतच म्हणाली.

फोन बंद झाला. गोजाबाई त्या काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत बसली. मग उठली, कोपऱ्यातली पाटी घेतली आणि खालच्या कप्प्यातली अंडी एकेक करून तिच्यात ठेवायला लागली. काजळीची रेघ असलेलीसुद्धा.

घरामागं बाभळीखाली माती भुसभुशीत होती. गोजाबाईनं खुरप्यानं खड्डा केला. सोनम अंडी देत गेली, ती ठेवत गेली. कुत्र्यानं उकरू नये म्हणून खोल. मायाप्पा मेंढरं घेऊन मैंदर्गीकडं कुणाच्या तरी रानात तळ ठोकून होते, चार दिवस तरी यायचे नव्हते. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. एसटीला अजून थोडा वेळ होता. सोनमनं मान वळवून ओसरीतल्या बॅगेकडे पाहिलं.

एक अंडं घेताना गोजाबाईनं अंड्याऐवजी तिचा हात धरला. उजव्या हाताची करंगळी. मधल्या पेरापासून ती आत वळलेली होती आणि सरळ होत नव्हती. पावसाळ्यात सोनमनं सांगितलं होतं, स्कूटरच्या स्टँडमध्ये सापडली. रुपालीनंही फोनवर तेच सांगितलं होतं, सोनमच्याही आधी.

"दुखतंय का अजून?"

"न्हाय."

गोजाबाईनं मान हलवली. तिनं हात सोडला नाही. पुढचं अंडंही मागितलं नाही. ती उकिडवी बसली होती ती मातीत नीट मांडी घालून बसली, जसं मेंढी विताना अडली की बसायची, रात्रभर बसायचं आहे असं.

"रुपीचं सांगून झालं," ती म्हणाली. "ती बरी हाय. आता तू सांग. तू कशी हायस?"

"बरी हाय, आई."

गोजाबाई 'बरं' म्हणाली नाही, 'चल, गाडी चुकंल' म्हणाली नाही. बाभळीच्या शेंगा वाऱ्यानं हलल्या. घरातून वरच्या कप्प्यातल्या पिल्लांचा बारीक आवाज येत होता. वळणावर एसटीचा हॉर्न ऐकू आला, फाट्यावर गाडी थांबली, तिचं इंजिन थोडा वेळ घरघरत राहिलं. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी पुढं गेली आणि तिचा आवाज जात जात नाहीसा झाला. गोजाबाई तशीच बसून होती, लेकीची करंगळी तळव्यात धरून, तिच्याकडं न बघता.

सोनमच्या दुसऱ्या हातात शेवटचं अंडं होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, "मी त्या घरात परत जाणार न्हाय."